कललेले खांब

मामानं माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि स्वतःच्या शबनममध्ये टाकली. "मोजायचं नाही. इथं बस आणि समोरचा खांब काढ. वीस मिनिटं."

भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात त्या सकाळी आम्ही दोघंच होतो. मळवलीला लोकलमधून उतरून गावातून चालत आलो, पायऱ्या चढलो. धाप मलाच लागली होती. मामा अडुसष्ट वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली त्यानं. मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दहा वर्षं जुन्या इमारतींची ऑडिटं करते. गेल्या महिन्यात घरात सांगितलं, आता मला कलेच्या इतिहासात एम.ए. करायचंय. आईनं लगेच भावाला फोन लावला. घरात चित्रातलं कळणारा तो एकटा, त्यामुळे तो माझ्या बाजूनं उभा राहील असं मी धरून चालले होते. तो आईला म्हणाला, "तिला सांग, करू नको." आणि मला म्हणाला, "भाज्याला ये. का नको ते तिथं सांगतो."

वीस मिनिटांनी त्यानं वही हातभर लांब धरली.

"काय काढलंस?"

"खांब. अष्टकोनी. खाली बैठक नाही, वर शीर्ष नाही."

"आणि उभा कसा आहे?"

"सरळ."

"समोरचा बघ."

बघितला. समोरचा खांब सरळ नव्हता. या चैत्यगृहात सत्तावीस खांब आहेत आणि दोन्ही बाजूंचे खांब वर जाता जाता आत कलतात, चार-पाच इंच. हे मला माहीत होतं. येण्याआधी वाचलं होतं, गाडीत मामाला सांगितलंही होतं. तरी काढला तो ओळंब्यात. दहा वर्षं कॉलम आणि तुळया ओढलेल्या हातानं कल दिसल्याबरोबर दुरुस्त करून टाकला, मला न विचारता.

"हे एवढंच दाखवायला बोलावलं," मामा म्हणाला. "तुझा हात खोटं बोलत नाही, पण त्याला दिसतही नाही. माझ्या आठवीतल्या मुलांनी हा खांब वेडावाकडा काढला असता, पण कललेला काढला असता."

मला राग आला. "पण तो कललाय का, हे तुझ्या आठवीतल्या मुलांना सांगता आलं नसतं."

"सांग."

मग मी सांगितलं. दगडात येण्याआधी अशी सभागृहं लाकडाची असत. वाकवलेल्या फासळ्यांचं कमानी छत, त्याखाली लाकडी खांब. असं छत स्वतःच्या वजनानं पाय फाकवतं, खांबांना बाहेर ढकलतं. म्हणून खांब आधीच आत कलते रोवायचे, म्हणजे ढकलण्याला उलट जोर मिळतो. गोठ्याच्या भिंतीला तिरका टेकू देतात, त्यातलाच प्रकार. इथं मात्र छत म्हणजे डोंगर. तो कुणाला ढकलत नाही. कारागिरांनी वरून खाली खडक काढत आणला आणि जे ठेवलं त्याला आपण खांब म्हणतो. लेण्यांमध्ये कितीतरी ठिकाणी खांब तुटून गेलेत आणि वरचा भाग तसाच अधांतरी राहिलाय. "म्हणजे या कलाचा इथं काडीचा उपयोग नाही. लाकडाची सवय दगडात उतरली. संपलं."

"संपलं?" मामानं हात खांबावर ठेवला. "सवय कशाला म्हणतात? सकाळी उठून चपला डाव्या बाजूला शोधतो ती सवय. इथं एकेक खांब छिन्नीनं सोलत आणलाय. सरळ सोलणं सोपं की कलता सोलणं?"

"सरळ. ओळंबा सोडला की झालं."

"मग सोपं सोडून अवघड का केलं? दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला भार कळत नव्हता असं तू म्हणणार नाहीस."

मी गप्प बसले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. त्या लोकांना भार कळत होता, माझ्यापेक्षा जास्तच.

"तुझ्या फ्लॅटमध्ये देव्हारा आहे ना?" मामा म्हणाला. "सागवानी, छोटा. त्याला शिखर आहे, कळस आहे. सातव्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, त्या शिखराला काम काय? पण बिनशिखराचा देव्हारा तुझ्या आईला दाखव. ती म्हणेल हे कपाट आहे. तसं यांचं. खांब कललेले असले की ते देवाचं घर. नाही कलले तर नुसतं भोक डोंगराला. उपयोग ही तुझी कसोटी आहे, त्यांची नव्हती. आणि हे तुला भाराच्या गणितातून कधीच कळणार नाही."

वर बघितलं. छताला सागवानी फासळ्या अजून आहेत. त्याही काही तोलत नाहीत. त्यांतल्या काही लाकडांवर ब्राह्मी अक्षरं सापडली, म्हणून लाकूड मूळचं आहे याची खात्री पटली. नाहीतर कुणीतरी मागाहून बसवलं असेल असं मीच म्हटलं असतं. दर्शनी बाजूची लाकडी भिंत मात्र कधीच गेली. ती जिथं अडकवली होती ती भोकं तेवढी खडकात राहिलीत. सांध्याची भोकं मला लगेच दिसली, खोली किती असेल याचा अंदाजही आला. हे मी मामाला बोलून दाखवलं नाही. भोकं दिसणं आणि खांब दिसणं यांत फरक आहे, एवढं कळायला लागलं होतं.

पण मुद्दा सोडायला मी तयार नव्हते.

"मामा, तू म्हणतोस बाहेरच्या माणसाचं हे काम नाही. पण हा विषय उभा कुणी केला ते बघ. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. रोगी तपासता तपासता त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. आनंद कुमारस्वामी भूगर्भशास्त्रज्ञ. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे पहिले संचालक, थोरियानाइट नावाचं खनिज त्यांनी शोधलं. आणि आज भारतीय शिल्पावर कुणी लिहायला बसलं तर त्यांना वगळून लिहिता येत नाही. दामोदर कोसंबी गणिती. नाण्यांची वजनं घेऊन त्यांनी इतिहास मांडला, आणि याच डोंगरांतून काठी टेकत हिंडले. कार्ल खंडालावाला तर वकील, नानावटी खटल्यात आरोपीच्या बाजूनं उभे राहिलेले. पहाडी चित्रांवर त्यांचं पुस्तक १९५८ सालचं. ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी आय.ए.एस. सोडून आले."

"झाली यादी?"

"अजून आहे. इटलीतला मोरेल्ली वैद्यक शिकलेला. चित्र कुणाचं हे तो चेहऱ्यावरून ठरवायचा नाही, कानाच्या पाळीवरून आणि नखांवरून ठरवायचा. कारण तिथं चित्रकाराचा हात बेसावध असतो. हे डॉक्टरशिवाय कुणाला सुचलं असतं?"

मामा हसला नाही. तो चिडल्यावर सावकाश बोलतो.

"यातल्या प्रत्येकानं पुढं काय केलं ते तू गाळलंस. भाऊ दाजी डॉक्टर होते म्हणून शिलालेख वाचता आले का? लिपी शिकले, पंडितांबरोबर बसले, ठसे घेतले, तेव्हा वाचता आले. कुमारस्वामी खडक बघत सिलोनभर फिरले, पण कँडीच्या कारागिरांच्या पडवीत बसून त्यांची अवजारं, त्यांचे शब्द लिहून घेतले, तेव्हा १९०८ सालचं ते पुस्तक झालं. गोस्वामींचं तर मी स्वतः ऐकलंय व्याख्यान. चित्रकारांची घराणी कळावीत म्हणून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळत बसले. कुणाचा मुलगा कोण, कुठल्या गावचा, कधी अस्थी घेऊन आला. चित्रकार नैनसुखचा बाप पंडित सेऊ, भाऊ मानकू, हे सगळं घराणं त्यातून पक्कं झालं. दरबार बदलला तरी शैली घराण्याबरोबर चालते, ही गोष्ट त्या वह्यांनी सांगितली. आय.ए.एस.च्या परीक्षेनं सांगितली नाही. तू त्यांची पहिली ओळ वाचतेस, मी पुढची दहा पानं सांगतोय. तुला ब्राह्मी येते?"

"नाही."

"प्राकृत?"

"संस्कृत होतं दहावीला. शंभर मार्कांचं."

"ते मार्कांसाठी होतं," तो म्हणाला, आणि त्यात काही चूक नव्हती.

एकोणीस क्रमांकाच्या लेण्याकडे गेलो. व्हरांड्यात दोन कोरीव पट आहेत. एकात चार घोड्यांचा रथ आणि त्याखाली चिरडलेली अवाढव्य आकृती. दुसऱ्यात हत्तीवर बसलेला पुरुष, हत्तीच्या सोंडेत उपटलेलं झाड. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी पहिला सूर्य आणि दुसरा इंद्र. काही अभ्यासकांना दोन्हींत मिळून राजा मांधात्याची बौद्ध कथा दिसते.

"कोणतं बरोबर?" मी विचारलं.

"तूच सांग."

"पुरावा काय आहे ते बघावं लागेल. पण एक काहीतरी बरोबर असणार."

"हे बघ, इथं तुझं-माझं बिनसतं. तुला निकाल हवा. इमारत राहण्यायोग्य की पाडण्यायोग्य, सही, शिक्का. इथं दगड तोच राहतो आणि दोन माणसं पन्नास वर्षं भांडतात. तुला ते झेपेल?"

यावर मात्र मला बोलायचं होतं, कारण या निर्णयाचं मूळच तिथं आहे. मी त्याला वाड्याबद्दल सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी कसबा पेठेतल्या एका वाड्याचं ऑडिट माझ्याकडे आलं. माझ्या अहवालात रकाने ठरलेले असतात. तडा, ओल, वाळवी, झुकाव. तड्यावर मी काचेची पट्टी चिकटवते. काच फुटली की समजायचं भिंत अजून सरकतेय. त्या वाड्यात दिवाणखान्याला चार सुरूचे खांब होते, वर केळफुलाची नक्षी, तक्तपोशीत मधोमध कोरलेलं कमळ. खांब बुडाशी वाळवीनं पोखरलेले. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. मी लिहिलं, खांब निकामी. त्यात खोटं काही नव्हतं, आजही तेच लिहीन. पण सही करताना वर बघितलं आणि लक्षात आलं की त्या केळफुलाला माझ्याकडे रकाना नाही. ते कुठल्या काळातलं, तसं आणखी किती वाड्यांत उरलंय, कोणत्या सुतारांच्या हातचं, ते गेलं तर नेमकं काय जाणार, यातलं एक वाक्य मला लिहिता येत नव्हतं. आणि माझ्याच सहीनं ते जाणार होतं. गेलं. आता तिथं पार्किंगसह सहा मजले आहेत.

"मी भार विसरायला येत नाहीये, मामा. मला तो रकाना हवाय. पुस्तकं वाचून झाली. मला चुकले की सांगणारं कुणीतरी हवंय, आत्ता तू सांगितलंस तसं. आणि निकालाचं म्हणशील तर निकाल देऊन देऊन मी दमलेय."

मामा बराच वेळ त्या रथाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भूक लागली. खाली चल."

मळवलीला स्टेशनाजवळच्या टपरीवर चहा आणि भजी घेतली. आम्ही पैशांवर बोललो. ते लवकर आटोपलं, कारण तिथं माझ्याकडे ठोस काही होतं. दोन वर्षं पुरतील एवढे साठवलेत, फ्लॅटचा हप्ता आठवड्यातून दोन दिवस ऑडिटं करून निघेल. नंतर नोकरी मिळेल का, हे मला सांगता येत नाही आणि त्यालाही नाही.

"प्रवेश कुठं घेणार?" त्यानं विचारलं.

"जेएनयूत कला आणि सौंदर्यशास्त्राचं स्कूल आहे, तिथं एम.ए.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. नाहीतर पुण्यातच डेक्कन कॉलेज, पुरातत्त्वाकडून जाता येतं. तिथंही शाखेची अट नाही."

"कुठलीही पदवी," मामा म्हणाला.

त्यानं कप खाली ठेवला. मग जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं.

१९७९ साली तो जी.डी. आर्ट झाला. पाच वर्षं तैलरंग, जलरंग, शरीररचना, रात्र रात्र मॉडेलसमोर बसून केलेला अभ्यास. सुट्ट्यांमध्ये लेणी. अजिंठ्याला सतरा क्रमांकाच्या लेण्यात रखवालदाराच्या टॉर्चच्या उजेडात त्यानं एका हाताची बोटं उतरवली होती, नुसती बोटं, तीन दिवस. त्याला पुढं कलेचा इतिहास शिकायचा होता. एका विद्यापीठात अर्ज केला. अर्ज परत आला. जी.डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नाही, त्यामुळे पदव्युत्तर प्रवेशास अपात्र. एवढंच एका ओळीत टाइप केलेलं. त्या वर्षी त्याच वर्गात वाणिज्य शाखेची मुलं बसली, कारण ती पदवीधर होती.

"मी त्यांच्यावर चिडलो नाही. त्यांनी नियम पाळला. पण तू काल फोनवर म्हणालीस ना, बाहेरून येणाऱ्याला दार उघडं असतं. हो, असतं. मी आतला होतो, मला बंद होतं. नंतर मुंबईत पदवी सुरू झाली, १९८१ नंतरच्या मुलांना हा त्रास राहिला नाही. तोवर मी शाळेत लागलो होतो."

मला काही सुचलं नाही. सकाळपासून मी याला डॉक्टर आणि वकील आणि गणिती ऐकवत होते. ज्या माणसानं त्या बोटांपुढं तीन दिवस घालवले त्याला.

"म्हणून 'नको' म्हणालास?"

"थोडं म्हणूनच. हे तुला सांगायला हवं होतं आधी." तो जरा थांबला. "पण सगळं म्हणून नाही. मी बघितलंय काय होतं ते. बाहेरून लोक येतात, हुशार असतात, दोन वर्षांत भाषा उचलतात. निबंध लिहितात चित्रावर, आणि त्यात चित्र कुठंच नसतं. रंग कसा घोटला, कुंचला कुठं उचलला, काही नाही. दुसऱ्या बाजूनं शास्त्रवाले येतात. आठवतं, २०१६ साली वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडले म्हणून छापून आलं होतं?"

आठवत होतं. औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ एम. आर. सिंह यांचा शोधनिबंध. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथली चित्रं किड्यांनी जास्त खाल्ली. वेरूळला भांग आहे, तिथं गिलावा टिकला.

"किती सुंदर काम आहे ते," मी म्हटलं. "मातीच्या गिलाव्यात तंतू कशासाठी घालतात हे मला रोज लागतं. तुझ्या चित्रकारांना हे कधी दिसलं असतं?"

"नसतं दिसलं. म्हणूनच सांगतोय. ते काम मोठं आहे, मी मान्य करतो. पण ते गिलाव्यापाशी थांबतं. गिलाव्यावर जे काढलं त्याच्याबद्दल बोलायला पुन्हा कुणीतरी वेगळाच माणूस लागतो. आणि ते दोघं एकमेकांचं वाचत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे. तू गिलाव्यापाशी थांबणार असशील तर तुझं ऑडिट बरं आहे."

"आणि नाही थांबले तर?"

त्यानं उत्तर दिलं नाही. टपरीवाल्याला पैसे दिले आणि कार्ल्याची रिक्षा ठरवली.

कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी होती. हारांची, पेढ्यांची दुकानं, खांद्यावर पोरं घेतलेली कोळी माणसं, हिरव्या चुड्यांतल्या बाया. देवीचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे, त्यामुळे आत गेलं तरी घंटा ऐकू येत राहते. मला ते आवडतं. भाज्यासारखं इथं एकटं वाटत नाही.

आत शिरल्यावर मी आधी खांब बघितले. सरळ. सगळे सरळ, ओळंब्यात. सदतीस खांब: पंधरा एका हाताला, पंधरा दुसऱ्या, सात स्तूपाच्या मागं साधे. बाजूच्या खांबांना खाली घट, वर घंटेसारखं शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती. भाज्याचं सभागृह जेमतेम अठरा मीटर लांब. हे अडतीसच्या आसपास, आणि उंची चौदा.

"भाज्यानंतर किती वर्षांनी?" मी विचारलं.

"दीडशे-दोनशे म्हणतात."

"म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी ठरवलं की आता कलायची गरज नाही. कुठल्यातरी लेण्यात कुणीतरी पहिला खांब सरळ कोरला. कुणाला तरी तो खटकला असेल. कुणी म्हणालं असेल, अरे हे देवाचं घर वाटत नाही."

मामानं माझ्याकडे वळून बघितलं. "हा प्रश्न बरा आहे," तो म्हणाला. "हा भाराचा नाही."

मी दाराशी गेले, कारण मला तिथली एक गोष्ट त्याला दाखवायची होती. कार्ल्याच्या शिलालेखांत दोन नावं दारासाठी आहेत. धेनुकाकटाचा सिंहदत्त, गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा, त्यानं दार दान दिलं. आणि धेनुकाकटाचाच सामि, वेणुवासाचा मुलगा, त्यानं दार घडवलं. सामिचा धंदाही लिहिलाय. वढकि. सुतार. विदर्भात अजून सुताराला वाढई म्हणतात, तोच शब्द.

"सुतार, मामा. डोंगरातल्या घराचं तोंड सुतारानं केलं. त्याची विद्या लाकडाची. तोही बाहेरचाच."

"चुकतेस," मामा म्हणाला, पण सकाळसारखा नाही. "तो बाहेरचा नव्हता. इथं जे जे कोरलंय ते आधी लाकडात होतं. कमानी, जाळी, फासळ्या, सगळं. दगडवाल्यांना ते ठाऊक नव्हतं, त्याला होतं. म्हणून बोलावला. तो सुतारकी घरी ठेवून आला असता तर त्याला इथं काम काय होतं?"

"सकाळी तर म्हणालास माझा हात खोटा."

"हात खोटा नाही म्हणालो. त्याला दिसत नाही म्हणालो." त्यानं शबनममधून टॉर्च काढला, पेन्सिल आणि वही काढली. टेप तशीच आत राहिली. "ब्राह्मीतला क कसा असतो माहितेय?"

"नाही."

"अधिकचं चिन्ह. तुला तर रोज लागतं. थ म्हणजे वर्तुळ, मधे टिंब. आता या खांबावर टॉर्च समोरून मारू नको, बाजूनं तिरपा धर. हां. अक्षराला सावली पडू दे."

उजेड तिरपा पडला आणि इतका वेळ नुसत्या ओरखड्यांसारखं दिसणारं खोल झालं. मी शोधत राहिले. अधिक सापडलं. त्याला लागूनच दुसरं अधिक.

"दोन आहेत. शेजारी शेजारी. पहिल्याला वर बारीक रेघ आहे उजवीकडे."

"ती काना. का, आणि मग क. आता मागं जा, पुढं जा. धेनुकाकटा. गावाचं नाव आहे."

"आणि पुढं?"

"पुढं यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, नाव असेल. इथले बरेच खांब धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेत. शेवटी बघ, थ दिसेल. थभो, म्हणजे स्तंभ. अमक्याचा, खांब, दान."

थ दिसला. वर्तुळ आणि मधे टिंब, पावसाच्या पहिल्या थेंबासारखं खडकात बसलेलं. मी ते वहीत उतरवलं. मामानं बघितलं, वर्तुळ जास्त गोल झालंय म्हणाला. पुन्हा उतरवलं. बाहेर कुणीतरी एकवीरेच्या नावानं ओरडलं आणि आत सगळ्या छतभर ते फिरून आलं.

दुसऱ्या खांबावर पुन्हा दोन अधिक. तिसऱ्यावरही. मी इतक्या घाईनं पुढं गेले की मामा मागं राहिला. त्यानंतरच्या खांबावर टॉर्च डावीकडून धरला, उजवीकडून धरला.

"या खांबावर काही नाही," मी म्हटलं.

"किती वेळ बघितलंस?"

मी टॉर्च खाली टेकवला आणि तिथंच बसले.